खजुरीचा कप

पाच आठवडे झाले. मंगळवारी सकाळी मी ओट्यावर तुरीची डाळ निवडत बसले होते, तेवढ्यात शेवंताक्काची भाची मंगल, तिचा फोन आला. "मावशी, अक्का उठंना गेलीय." एवढंच बोलली. मी अनवाणीच निघाले, मधे चार घरंच तर आहेत. शेवंताक्का भिंतीकडं तोंड करून निजलेली, दुपारची निजायची तशीच. उशाला चष्मा, चष्म्याखाली घडी घातलेला पेपर. ऐंशीला दोन कमी होती. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून तिनं उभी हयात काढली, अर्ध्या कलबुर्गीची बाळंतपणं केली, आणि स्वतः जाताना कुणाला हाक म्हणून मारली न्हाई.

तिला पोचवून माणसं परत आली. मंगलनं सगळ्यांसाठी चहा टाकला. कप कमी पडायले म्हणून तिनं फळीवरचा एक पांढरा, कान तुटलेला कप खाली घेतला. मी म्हणाले, "मंगल, तो राहू दे." ती म्हणाली, "व्हय, फुटकाच हाय मावशी, टाकूनच देते." तिच्या हातातून तो मी कसा काढून घेतला, मला आठवत न्हाई. दारात बसलेल्या, आमच्या वस्तीतल्या दत्तू अण्णानं मान वर केली, कपाकडं बघितलं आणि परत मान खाली घातली. मंगल तेव्हा सासरी होती, तिला काय ठाऊक. पण आम्हा दोघांना ठाऊक होतं. म्हणून हे लिहायला बसलेय. मी शाळेचं तोंड बघितलेलं न्हाई, लग्न होऊन इथं आल्यावर शेवंताक्कानंच मला अक्षर शिकवलं. तेव्हा कुठं चुकलं तर दोष मास्तरणीला द्या.

आम्ही दोघी आळंद तालुक्यातल्या खजुरीच्या. एकाच गल्लीतल्या, म्हणजे गावाबाहेरच्या. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. रस्त्याला एक चहाचं हॉटेल होतं. आत बाकडी, फळीवर कप. आणि बाहेर, भिंतीतल्या एका फळकुटावर, आमच्या लोकांसाठी दोन कप वेगळे. आपणच कप घ्यायचा, मालक वरून चहा ओतणार, पिऊन झालं की आपणच धुवून ठेवायचा. तेव्हा ते कप आतल्यासारखेच होते, पांढरे, कानाचे. एक दिवस मालक चुलीकडं वळलेला बघून शेवंताक्कानं, दहा-अकराची असंल, आमचे दोन्ही कप धुतले आणि आत जाऊन त्याच्या ओळीत ठेवून दिले. मालकाच्या ध्यानात आलं तोवर उशीर झाला होता. सगळे कप पुढ्यात मांडून तो बसला, उलटे करून बघितले, वास घेतला... आमचा कोणता नि त्याचा कोणता, त्याला काही सांगता येईना. हे सांगताना शेवंताक्का डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. पुढचं सांगताना हसायची न्हाई. मालकानं सगळे कप फोडले. तिच्या बापाला चार माणसांत उभं केलं, बापानं घरी येऊन तिला बडवलं. आणि नवे कप आले तेव्हा आमच्या दोन कपांचे कान मालकानं बत्त्यानं ठोकून काढले. परत घोळ नको म्हणून. बिनकानाचा कप कढत चहानं बोटं भाजतो. आमची माणसं मग तो पदरात, धोतराच्या सोग्यात धरून प्यायची.

पुढं ती नर्स झाली, कलबुर्गीत आळंद नाक्याच्या अल्याड आमच्या वस्तीत घर बांधलं. लग्न केलं न्हाई. दर रविवारी सकाळी विहारात आम्हा बायांना गोळा करायची आणि वाचून दाखवायची. आपलं तर वाचायचीच, पण तिचं वेड वेगळं होतं. कुठून कुठून ती अमेरिकेतल्या, आफ्रिकेतल्या काळ्या माणसांच्या लढ्यांचं वाचून यायची आणि आमच्या भाषेत सांगायची. एका शहरात काळ्यांना बसमध्ये मागं बसवायचे, तर लोकांनी बसच सोडली, वर्षाच्या वर पायी चालले. "भाषणं बाप्यांची गाजली," ती म्हणायची, "पण बसमध्ये बसू नका अशी पत्रकं काढून घरोघर पोचवली ती बायांनी. आन् लढा जिंकल्यावर त्याच बायांना म्हणाले, आता जरा चहाचं बघा." आम्ही हसायचो. कारण आमच्या जयंतीला भात आम्ही शिजवायचो आणि माईक दत्तू अण्णाच्या हातात असायचा. एका वर्षी ती हळदीच्या हातानंच स्टेजवर चढली होती. अण्णा म्हणाला, "सुम्म इर अक्का, गप बस, पाहुणे बोलायलेत." ती म्हणाली, "पाहुण्यांचं झालं की घरच्यांचं." आणि बोलली.

आफ्रिकेचं सांगताना तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. गोरा गेला तरी चष्मा ठेवून जातो, आणि ज्याला त्यानं तुडवलं तोच तो चष्मा उचलून डोळ्याला लावतो. आम्ही माना हलवायचो. मी सगळ्यांत जास्त.

तीन वर्षांमागं तिनं वरची खोली टांझानियाच्या एका मुलीला दिली. नीमा तिचं नाव. आपल्यातलंच वाटतं, न्हाई? औषधशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. आधीच्या घरमालकानं एकाएकी खोली खाली करायला सांगितली होती, त्यानंतर सात-आठ दारांवर तिला "खोली न्हाई" ऐकायला मिळालं, पाटी लावलेली असताना. परीक्षा वीस दिवसांवर आलेली. शेवंताक्काला ती दवाखान्याच्या पायऱ्यांवर भेटली, पुस्तकांच्या पिशव्या घेऊन बसलेली, आणि अक्का तिला तशीच घरी घेऊन आली. उंच पोर, केसांच्या बारीक बारीक वेण्या, दखनी हिंदी आमच्यापेक्षा झोकात बोलायची. तिची आजी म्हणे बाजारात तांदळाचे वडे विकायची आणि टोपलीच्या तळाशी स्वातंत्र्याच्या पक्षाची कार्डं लपवून घरोघर वाटायची. स्वातंत्र्य आलं, बाप्यांना खुर्च्या मिळाल्या, आजी परत टोपली घेऊन बाजारात. शेवंताक्कानं हे आम्हाला तीनदा तरी ऐकवलं असंल.

आता जे लिहिते ते लिहायला मला तीन वर्षं लागलीत.

नीमा येऊन चार दिवस झाले असतील. शेवंताक्का तिला घेऊन माझ्याकडं आली. मी चहा केला. शेवंताक्काला फुलांचा कप दिला, मी फुलांचा घेतला. आणि नीमाला... खिडकीत एक कप होता. गटार साफ करणारा येतो, दारावर मागणारी येते, त्यांच्यासाठी वेगळा ठेवलेला. कान केव्हाचा तुटलेला. माझा हात खिडकीकडं गेला, कप घेतला, चहा ओतला, तिच्या हातात दिला. मनात काही आलंच न्हाई. हेच तर आहे, काही आलंच न्हाई. नीमानं कप धरला, लगेच खाली ठेवला, मग बाह्या बोटांवर ओढून परत उचलला आणि प्याली. शेवंताक्का बघत राहिली. तिच्या फुलांच्या कपात चहा अर्धा राहिला.

दुसऱ्या दिवशी ती एकटी आली, दारातच उभी राहिली. "काशे, तो कप दे."

"कोणता?"

"खजुरीचा."

मी कप दिला. तिनं पिशवीत टाकला नि गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात गल्ली बिथरली. रविवारी संध्याकाळी विहारापुढं सतरंजी पडली. दत्तू अण्णा आमच्या वस्तीचा पंच, जुना कार्यकर्ता. वस्तीच्या नळाची चावी त्याच्याकडं, कोणत्या ओळीला पाणी सोडायचं ते तोच बघतो. तो म्हणाला, "अक्का, तुझा मान हाय. पण त्या पोरीला आठ दिवसांत काढ. न्हाई तर तुझ्या ओळीला पाणी न्हाई."

"कामून?"

"कामून म्हंजे? पोरींची लग्नं व्हायलीत. पाव्हणे येतेत, जिन्यावर ती दिसती. लोक काय म्हणतेत?"

"काय म्हणतेत, सांग की."

मागून एक बाई म्हणाली, "वास येतोय अक्का, त्यांच्या कालवणाचा."

"आपल्या कालवणाचा वास येतो म्हणून ज्यांनी आपल्याला खोल्या दिल्या न्हाईत," शेवंताक्का म्हणाली, "त्यांनी तुला पंच नेमलंय व्हय गं?"

दोघं-चौघं हसले, पण हसू लगेच विझलं. नीमा वर खोलीत होती, खिडकीचं एक दार उघडं होतं. तिला आमची मराठी कळत नसंल, पण आवाज कळत होता. परीक्षेच्या तोंडावर ती परत पिशव्या घेऊन कुठल्या पायरीवर बसणार, हा प्रश्न होता. आणि दत्तू अण्णा आता उभा राहिला होता.

"आम्हाला शिकवू नको अक्का. मी चळवळीत लाठ्या खाल्ल्यात. आम्ही काय त्या पोरीला बाट धरायलोत? ह्या गल्लीत कुणी तिचा विटाळ मानला असंल तर दाखव. एक माणूस दाखव, आत्ता सभा मोडतो."

शेवंताक्कानं पिशवीत हात घातला. कप काढून सतरंजीवर ठेवला. "चार दिवसांमागं ह्यात तिला चहा दिला. आपल्याच एका घरात."

"कुणाच्या?"

सगळी सभा एकमेकांकडं बघायली. माझी सून शेजारी होती, तिनं तो कप ओळखला, माझा पदर धरून ठेवला. "आत्या, बसा," हळूच म्हणाली, मी अजून उठलेही नव्हते. अण्णानं परत विचारलं, "नाव घे अक्का. न्हाई तर उगं बदनामी कामून करायलीस?" ती तशीच बसून, नजर कपावर. माझ्याकडं तिनं एकदाही बघितलं न्हाई. एकदा जरी बघितलं असतं ना, तर मी रागानं बसून राहिले असते. पण ती बघेना. तिला खोटी ठरवून लोक उठायच्या बेतात होते, आणि ती मला वाचवत बसली होती.

मी पदर सोडवून घेतला. "माझ्या घरातला हाय," मी म्हणाले. "मी दिला." मग खजुरीचं हॉटेल सांगितलं, फळकूट सांगितलं, बत्त्यानं तोडलेले कान सांगितले. पन्नाशीच्या पुढचं त्या सतरंजीवर असं कोणी नव्हतं, ज्याला तसा कप ठाऊक न्हाई.

दत्तू अण्णा कपाकडं बघत राहिला. "आमच्या गावात करवंटी होती," म्हणाला. मग म्हणाला, "परीक्षा होईस्तोवर राहू दे."

"परीक्षा न्हाई," शेवंताक्का म्हणाली. "तिची मर्जी हाय तोवर."

ह्याचा निकाल त्या दिवशी लागला न्हाई. सकाळी शेवंताक्काच्या ओळीला पाणी आलं न्हाई, दुसऱ्या दिवशीही न्हाई. मी नि माझी सून घागरी वाहत होतो, सून पुटपुटत का होईना वाहत होती. तिसऱ्या दिवशी नळ खळखळला. कुणी चावी फिरवली, कुणी विचारलं न्हाई. दोन घरं मात्र रविवारच्या वाचनाला परत आली न्हाईत, आजतागायत.

नीमा त्याच खोलीतून परीक्षेला गेली. पास झाली, पुढं सहा महिने राहिली. जायच्या आधी मी तिला विचारलं, तू त्या दिवशी मला काही बोलली का न्हाईस. ती म्हणाली, "आजी, असं रोज कुठं ना कुठं होतंच. त्या दिवशी मला वाचायला बसायचं होतं. आणि तुमच्या चहात आलं चांगलं होतं, म्हणून मी चहाकडं बघितलं." मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या, विसरले. तसं ती म्हणाली न्हाई.

आणि शेवंताक्का? तिनं तो कप परत दिला न्हाई. त्या दिवसापासून ती रोज सकाळी त्याच कपात चहा प्यायची, माझ्यासमोर. मला फुलांचा. एक अक्षर बोलायची न्हाई त्याबद्दल. मी एकदा म्हणाले, "अक्का, टाक की आता तो."

"कामून? भाजायलाय व्हय तुला?"

"मी कुठं पितेय त्यात?"

"तेच म्हणायलेय," ती म्हणाली, आणि पेपर उघडला.

तिनं मला माफ केलं का, ते मी विचारलं न्हाई. विचारायला पाहिजे होतं का, तेही आता कळत न्हाई.

परवा नीमाचा फोन आला होता. ती रडली, मी रडले. कप माझ्याकडं आहे हे मी तिला सांगितलं. सून तो खिडकीत ठेवायला निघाली होती, मी आत फळीवर ठेवला, फुलांच्या कपांच्या ओळीत. गटारवाला आला तर त्याला फुलांचा देते. पहिल्या दिवशी तो कपाकडं बघत राहिला, मग माझ्याकडं.

सकाळी मी माझा चहा त्या कपात ओतते. कढत असतो. हात आपोआप पदराकडं जातो. मी पदर सोडून देते आणि कप बोटांनीच धरते.