बायकांच्या वॉर्डाबाहेर

सकाळच्या वेळी आमच्या घरात प्रत्येकाला काहीतरी सापडत नसतं. त्या दिवशी लेकीला मोजे सापडत नव्हते आणि ह्यांना चष्मा. माझा हात इस्त्रीवर आणि लक्ष दुधावर. "अहो, कपाळावर आहे तुमच्या," असं म्हणेपर्यंत दार वाजलं. बेल असताना दार ठोठावणारं आमच्या इमारतीत एकच माणूस. तळमजल्यावरचे बटण.

"आत या की."

"नको वहिनी, बूट आहेत पायात. आईकडे जायचंय. म्हणजे... जाता येत नाहीये."

एवढं बोलून ते जिन्याच्या कठड्याला टेकले. गळ्यात नेहमीची टेप नव्हती. टेपेशिवाय मी त्यांना प्रथमच पाहत होते.

बटण शिवणकाम करतात. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, त्यात ते आणि त्यांची आई. चाळिशीचे असतील. दाढीची खुंटं, नखांना गडद निळा रंग, स्वतः शिवलेला गुडघ्याखाली येणारा घोळदार अंगरखा आणि पायात जाडजूड बूट. इथे राहायला आले तेव्हा मी सरळच विचारलं होतं, तुम्हाला दादा म्हणू की ताई? "बटण म्हणा," ते हसले होते, "शर्टालाही लागतं, फ्रॉकलाही." लहानपणापासून स्वतःला ना पुरुष वाटलं ना बाई, हे त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं, माझ्या ब्लँकेटची किनार दुमडता दुमडता, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं. त्यांच्या आईला, म्हणजे आमच्या मावशींना, हे कुणी सांगावं लागलं नाही. ती पहिल्यापासून "माझं लेकरू" म्हणते. शाळेत लेकराला वर्गाबाहेर उभं केलं, की मावशी शाळेच्या दारात. घरमालकाने हाकललं, की मावशी त्याच्या दारात. कुठलंही दार उघडेपर्यंत ती तिथून हलायची नाही.

त्या मावशींना गेल्या आठवड्यात झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली.

"का? काय झालं?" मी विचारलं.

"काल इस्पितळात आमची मंडळी आली होती."

ही मंडळी मला माहीत आहे. रविवारी दुकान बंद असतं, पण मागची खोली भरलेली असते. एक बँकेत कॅशियर, एक बस चालवतं, एक शाळेत गणित शिकवतं. घरी जे घालता येत नाही ते इथे खुंटीला टांगलेलं असतं. येतात, बदलतात, चहा पितात, एकमेकांच्या ओढण्या नीट करतात, आरडाओरडा करून पत्ते खेळतात आणि संध्याकाळी पुन्हा घरच्या कपड्यांत परत जातात. त्यांचा एक नियम आहे. आपल्यातलं कुणी अडचणीत असलं, तर एकट्याने जायचं नाही. सगळ्यांनी जायचं, आणि आहोत तसं जायचं. पोलीस चौकीत हा नियम एकदा कामी आला होता.

इस्पितळात पहिल्या दिवशी बटण वडिलांचा जुना करडा शर्ट घालून गेले होते. नखं पुसून, मान खाली घालून. कुणाला त्रास नको म्हणून. तर नोंदणीच्या खिडकीवर सांगितलं, मुलगा ना तुम्ही? बायकांच्या वॉर्डात रात्री थांबता येणार नाही. संध्याकाळी तासभर भेटा. तो तास तरी होता. मंडळींना हे कळलं आणि काल संध्याकाळी सगळी जणं नटूनथटून, फळांची पिशवी घेऊन वॉर्डाच्या दारात हजर. आमच्या माणसाला रात्री का थांबू देत नाही? कॅशियरचा आवाज काचेमागूनही ऐकू येतो, तिथे तर काचही नव्हती. आतल्या बायका घाबरल्या. कुणाची तरी सून किंचाळली. आणि तो तासही गेला.

"चांगल्यासाठी आले होते हो," बटण म्हणाले. "आता रात्रीपासून सगळे माफी मागतायत. मी कुणाकुणाची समजूत घालू?"

मी गॅस बंद केला, ह्यांना म्हटलं, "डबा तुमचा तुम्ही भरा," आणि चपला घातल्या. निघताना माझ्यात फार जोर होता. शिकलेली बाई आहे, नीट बोलेन, ऐकतील.

वॉर्डाच्या दारातल्या रखवालदाराने बटणांना लांबूनच हात दाखवला. "ए, तिथेच थांब. काल काय जत्रा आणली होतीस रे?"

"अहो, आई आहे त्यांची आत," मी म्हटलं.

"ताई, मला काय सांगता? माणसासारखे कपडे घालून यायला काय होतं?"

"पहिल्या दिवशी घातले होते," बटण म्हणाले. "तेव्हा म्हणालात, माणूस आहेस, रात्री चालणार नाही."

रखवालदाराला हसू आलं, मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं. तो म्हणाला, "मोठ्या सिस्टरना विचारा."

मोठ्या सिस्टर वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर मला भांडता आलं असतं. त्या थकलेल्या होत्या.

"बाई, आत बायकांची अंगं पुसतो आम्ही. कपडे बदलतो. पडदे आहेत कुठे इथे पुरेसे? दोघींच्या नातेवाइकांनी वर तक्रार केलीय."

"तासभर तरी. तुमच्या कुणाच्या समोर बसतील."

"उद्या माझी नोकरी गेली तर तुम्ही येणार आहात का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कोण त्यांच्या?"

"शेजारीण."

"मग तुम्ही जा की आत. थांबा हवं तेवढं."

इतकं सोपं. रक्ताचं ना नात्याचं, मला कुणी काही विचारलं नाही. रखवालदाराने तर दार धरून ठेवलं. बटण जिन्याखालच्या बाकावर जाऊन बसले. मी सिस्टरना आणखी दोन-तीनदा विनवलं. माझा आवाज चढला, मग बसला. त्या इंजेक्शनचा ट्रे घेऊन निघून गेल्या.

मी आत गेले. मावशींचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. मला पाहिलं, ओळखलं, आणि लगेच माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं. दार लागलं. त्यांनी परत माझ्याकडे पाहिलं. घशातून "ले... ले..." असा आवाज आला. मी डाव्या हाताची बोटं धरली. ती सुटायला बघत होती. दाराकडे जायला बघत होती. "येते हं मी," एवढंच पुटपुटले आणि पळ काढल्यासारखी बाहेर आले. पदवी, वाचन, समजूतदारपणा, सगळं घेऊन बाहेर आले.

बटण उठून उभे राहिले. "कशी आहे?"

"दाराकडे बघतात सारख्या." खोटं बोलणं जमलं नाही. "सिस्टर ऐकत नाहीत. मी वर भेटते कुणाला. अर्ज करू. ह्यांच्या ओळखीचे एक—"

"करा वहिनी. पण त्याला वेळ जाईल." ते बूट बघत होते. मग त्यांनी मान वर केली. "काल दारात गडबड झाली ना, तेव्हा तिने ऐकलं असणार. सिस्टर आत्ता इथून जाताना म्हणाल्या, रात्री ती कॉटवरून उतरायला बघत होती. पडता पडता धरली. मला कुणी अडवलंय असं तिला कळलं, तर ती पुन्हा उठेल. एका पायावर उठेल. तिला दुसरं काही येतच नाही."

मी बाकावर टेकले.

"तुम्हाला आत सोडतात. रोज पाच मिनिटं जाल? बसू नका, काही करू नका. फक्त तिला सांगा, दुकानात खूप काम आहे, म्हणून लेकरू आलं नाही."