पगारे काकांनी पाहिलेली सुनावणी

रंगनाथ पगारे काकांना एक खोड होती. एखादा प्रश्न डोक्यात शिरला की तो सुटेपर्यंत त्यांना घास गोड लागत नसे. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात तीस वर्षं नोकरी केली, तिथे साहेबलोक त्यांना लांबून बघूनच वाट बदलायचे. निवृत्तीनंतर काका बौद्धाचार्य झाले. नाशिकरोडच्या वसाहतींत चारशेच्या वर लग्नं लावली असतील त्यांनी, तीही वेळेवर आणि लांबलचक भाषण न ठोकता!

अशा माणसाला साक्षीनं विचारलं. साक्षी शेजारची, काकांच्या अंगाखांद्यावर वाढलेली, आता दवाखान्यात नर्स. सोबत सृष्टी होती, शाळेत शिकवणारी. दोघी चार वर्षं एकत्र राहत होत्या. वसाहतीला त्या मैत्रिणी म्हणूनच ठाऊक.

"काका, आमचं लग्न लावाल?"

काकांचा चहा बशीतच राहिला. "कोर्टात चाललंय ना तेच? बघू तर खरं, काय म्हणतात."

आणि बघितलंच की! दोन बायकांना किंवा दोन पुरुषांना लग्नाचा हक्क द्यावा का, याची सुप्रीम कोर्टातली एप्रिलातली ती सुनावणी मोबाईलवर दिसायची. काका सकाळीच आंघोळ उरकून वही घेऊन बसत. अर्धं इंग्रजी कळे, उरलेलं सृष्टीला फोन करून विचारत. वारस कोण, मूल दत्तक कुणी घ्यायचं, ऑपरेशनच्या कागदावर सही कुणाची... अरे बाप रे, एका लग्नात एवढं सगळं असतं, आणि आपण चारशे जोडप्यांना अर्ध्या-अर्ध्या तासात मोकळं केलं!

खरी अडचण मात्र घरातच निघाली. बौद्ध पद्धतीच्या लग्नात वराच्या पाच प्रतिज्ञा आणि वधूच्या पाच. वरानं पत्नीचा सन्मान करायचा, तिला घरात अधिकार द्यायचा. वधूनं घर सांभाळायचं, आल्यागेल्याचं बघायचं. दोघी मुलीच असल्या तर कुणी कुठल्या म्हणायच्या? काकांनी बायकोला, मालनबाईंना, समोर उभं केलं. "तू वर हो. म्हण माझ्यामागून."

मालनबाई हातातली मेथी न ठेवता पाचही म्हणून मोकळ्या झाल्या. "आता वधूच्या तुम्ही म्हणा."

काकांनी म्हटल्या. आल्यागेल्याच्या प्रतिज्ञेपाशी जरा अडखळले.

"सगळ्यांनीच दहाच्या दहा म्हणायला पाहिजेत," मालनबाई म्हणाल्या. "आपल्या वेळीच सुचलं असतं तर बरं झालं असतं." काकांनी हसत हसत ते वहीत लिहून घेतलं.

ऑक्टोबरात निकाल लागला. कोर्टानं लग्नाचा हक्क मान्य केला नाही. कायदा करणं संसदेचं काम, म्हणे. काकांना वाईट वाटलं. खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं, आणि त्याची त्यांना लाज वाटली. वसाहत काय म्हणेल, बौद्धाचार्यांच्या यादीतून कमिटी आपलं नाव काढून टाकेल का, ही सगळी काळजी आपोआप मिटली होती.

संध्याकाळी ते साक्षीकडे गेले. "पोरी, कोर्टानंच नाही म्हटल्यावर मी काय करणार?"

साक्षीचे डोळे रडून लाल झाले होते, पण आवाज साफ होता. "काका, कोर्टाला विचारणारे वेगळे होते. आम्ही तुम्हाला विचारलं होतं."

काका खुर्चीत बसले. सहा महिने साऱ्या जगाला प्रश्न विचारून झाले, आणि त्यांना विचारलेला एकुलता एक प्रश्न तसाच पडून होता. सृष्टीनं पाणी दिलं, ते त्यांनी एका दमात संपवलं.

"लग्नाचा दाखला मिळणार नाही," ते म्हणाले. "कमिटीचं मी बघून घेईन. येता रविवार चालेल का? आणि तुमच्या दोघींच्या आयांना सांगायला मीच जातो."