कोरडी कुंडी

पुसदच्या तहसीलसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. नागपूरचं हिवाळी अधिवेशन जवळ आलं की एक मावशी दरवर्षी येतात आणि तोच अर्ज नव्यानं टाइप करून घेतात. मुक्या जनावरांसाठी राज्यानं कायदा करावा, प्रत्येक तालुक्यात त्यांना निवारा द्यावा. मी टाइप करतो तोवर त्या पाठीशी उभ्या राहून एकेक ओळ पुटपुटतात. खुर्ची दिली तरी बसत नाहीत.

सह्या घेण्याची त्यांची रीत मात्र जगावेगळी. "आंधी दारात पान्याची कुंडी ठेवा, मंग सही करा," म्हणतात. पुढे कधीतरी न सांगता येऊन कुंडीत हात बुडवून पाहतात. एका पुढाऱ्याची कुंडी कोरडी निघाली, तर त्याच्यासमोरच त्यांनी त्याची सही खोडली. मी तेव्हा हसलो, पण दुसऱ्याच दिवशी दुकानाच्या पायरीशी एक कुंडी आणून ठेवली.

यंदा त्या आल्या तेव्हा यादीतली सगळ्यात वरची, त्यांची स्वतःचीच सही खोडलेली होती.

"हे काहून, मावशी?"

"तापानं पडून होती मी. चार दिवस माही कुंडी कोरडी राह्यली."

"आजारपनात कोन पाह्यते एवढं?"

"कुत्र्याले का मालूम, मले ताप हाय म्हनून?"

मी कोरा कागद मशीनवर चढवला. विचारलं, "मंग अर्जदार म्हनून कोनाचं नाव टाकू?"

"तुमचं टाका, भाऊ."

त्यांनी यादी माझ्यापुढे सरकवली. कागदावर त्यांच्या ओल्या बोटांचे ठसे उमटले.