पान्हे बसले पूजेत

आमच्या घरवाल्यायनं दुभती म्हैस इकली अन् जीप आणली. म्हैस दूध देत होती. जीप काईच देत नोती.

लढाईतली जुनी जीप होती ते. चांद्याले लिलावात निघाली अन् आलापल्लीच्या जंगलातल्या आमच्या खेड्यात येऊन पडली. एक दिवस चाले, चार दिवस आंगणात बसे. मी तिले पितळेच्या गुंडानं पाणी पाजत होती, जसं म्हशीले पाजत होती. फरक एवढाच का म्हैस पिऊन उभी राहे, अन् हे पिली का खालून गळे!

पण घरवाल्यायचा खरा जीव जीपवर नोता, तिच्या हत्यारायवर होता. टिनाची एक पेटी होती. तिच्यात पान्हे, पक्कड, पेचकस, हातोडा, जाक. रोज सकाळी बसून एकेक हत्यार चिंधीनं पुसत. (माह्या कपाळाचा घाम त्यायनं कधी पुसला नाई. जाऊ द्या.) एका पान्ह्याचं तोंड त चाक फिरवून लहान-मोठं करता ये. तो मले दाखवून दाखवून म्हणत, "पाहून राह्यली का? कोणताबी नट असू दे, यानं ढिला होते. हा हाये म्हणून घरच्या घरी काम होते. नाई त जीप पार चांद्यालोक ढकलत न्या लागली असती!"

मी हाव जी म्हणत होती अन् मनात म्हणत होती, असं तोंड लहान कराचं चाक तुमच्या मायलेबी असतं त बरं झालं असतं.

त्या साली खांडेनवमीलेच गिरजाले पाहाले पाहुणे येनार होते. गिरजा म्हणजे माही नणंद. धानाच्या रोवणीले वाकली का चार बायायले मागं टाके, पण एक खोड होती. तिले हसू आवरे नाई! पयल्या पाहुण्यायतला बुढा मोठ्यानं शिंकला, हे हसली. ते गेले. दुसऱ्या पोट्ट्याची टोपी चहात पडली, हे अशी हसली का सांदीतल्या कोंबड्या उडाल्या. तेबी गेले. आता तिसरे. सासूबाई दोन दिवसांपासून घरात येरझारा घालून राह्यल्या होत्या.

"गिरजे, आज दात दाखवले त टांग तोडतो तुयी! हे पाहुणे गेले त कोणी येत नाई मंग!"

पाहुणे कुरखेड्याकडचे. पोट्ट्याचं नाव दामोदर. त्याच्या मायचा निरोप आला होता : माहे गुडघे दुखतात, मी बैलगाडीत बसत नाई. नाक्यावर तुमची मोटर दिसली त उतरतो, नाई त त्याच बसनं वापस जातो. (आमच्या घरी मोटर हाये म्हणून साऱ्या मुलखाले सासूबाईनंच सांगून ठेवलं होतं!)

सकाळी मी आंग धुवून हत्याराची पूजा मांडली. कुऱ्हाड, इळा, नांगराचा फाळ. मंग मले वाटलं, आज घरवाल्यायलेबी खूश करू. पुरी पेटी रिकामी केली. लहान पान्हा, मोठा पान्हा, पक्कड, जाक, एकबी सोडला नाई! साऱ्यायले कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, नारळ फोडला. आमच्या घरची रीत अशी का पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळलोक हालवाचं नाई. घरवाल्यायनं पाह्यलं अन् छाती फुगवली. "वा! अशी शोभा कधी आली नोती!"

अन् आंगणात गेले. अन् बोंबलले, "अवं धाव वं!"

जीपच्या खाली तळं साचलं होतं. पाण्याच्या टाकीचा रबरी पाइप नटापाशी ढिला होऊन गळत होता.

"काई नाई, पान्हा लावला का झालं," म्हणून घरवाले आत आले अन् पूजेपाशी थबकले. सासूबाई पूजेसमोर मांडी घालून बसल्या होत्या.

"माय, एकच पान्हा दे ना वं. लगेच आणून ठेवतो."

"हात लावून पाह्य! देवाच्या पुढचं हत्यार उचलतं का गा? अन् तेबी पोरीचं लग्न जुळाच्या दिवशी?"

"अवं, पण जीप चालली नाई त लग्न जुळते कसं?"

"ते मले नको सांगू. बैल जुतताना कोणी पान्हा मागत नाई!"

घरवाले आंगणात गेले, आत आले, आंगणात गेले. गिरजा खिडकीतून पाहे, अन् तोंडात पदर कोंबे. मंग घरवाले माह्याकडे वळले. "सारेच काऊन मांडले तुनं? एखादा ठेवाचा ना घरात!"

"मले काय सपन पडलं होतं का जी?" म्हणत मी सैपाकघरात गेली. पूजेत न बसलेली हत्यारं तिथीच होती. पक्कडीच्या जागी सांडशी आणली. पेचकसाच्या जागी उलथनं. हातोड्याच्या जागी वरवंटा. सांडशीनं नट धरला त सांडशी वाकडी झाली, नट हालला नाई. मंग जुन्या लुगड्याचा काठ फाडून पाइपाले गच्च बांधला, जशी फुटल्या डोक्याले पट्टी. तरीबी थेंब थेंब चालूच.

"चांद्याचे डायवर टाकीत हळद टाकतात," घरवाले म्हणाले. "भोकात जाऊन बसते, गळणं थांबते. चिमूटभर टाक."

चिमूटभर हळदीनं माह्या वरणाले रंग येत नाई, एवढ्या मोठ्या जीपले काय होनार? मी डबा उपडा केला. वर्षाची हळद!

निघालो. मी मांडीवर पाण्याचा गुंड घेऊन मागं बसली. दर चढावर जीप वाफ सोडे, घरवाले थांबवत, मी नाल्यावर धावो अन् गुंड भरून आणो. नदीकाठच्या नाक्यावर पोचलो तवा बस वापसीले वळून उभी होती. दामोदर नवा पांढरा सदरा घालून रस्त्यावर, अन् त्याची माय एक पाय पायदानावर ठेवून.

"हे मोटर हाये का भट्टी, बाप्पा?" ते म्हणाली.

"गरम झाली जी थोडीशी," घरवाले म्हणाले. त्यायनं बोनट उघडलं, मी नाल्याचं थंडगार पाणी टाकीत ओतलं. "आता पाहा कशी चालते!" म्हणून घरवाल्यायनं इंजन सुरू केलं. दामोदर गरीब मनाचा माणूस. "काई मदत करू का भाऊ?" म्हणत तो आत वाकला.

अन् माह्या लुगड्याचा काठ सुटला!

पाइपातून पाणी निघालं सिद्धं पंख्यावर, अन् पंख्यानं ते फेकलं सिद्धं दामोदरवर. थंड पाणी ओतलं होतं म्हणून कोमटच होतं, नाई त पोरगं शिजलं असतं! पण डोकं, कान, मिशा, नवा सदरा, सारं पिवळंजर्द. पोट्टा डोळे मिचकावत उभा. बसमधले सारे लोक खिडक्यायले लटकले. कंडक्टर वरडला, "अरे, नवरदेवाले हळद लागली! मांडव कुठी हाये?"

त्याची माय पायदानावरूनच वरडली. "चाल दामोदर, बस बसमधी! असल्या घरची पोरगी नाई पायजे!"

गिरजाचं लग्न मीच बुडवलं, डबाभर हळदीत! तेवढ्यात बसमधली एक बुढी म्हणाली, "बाई, हळद लागलेलं पोट्टं गावची शिव ओलांडत नाई बरं. नदी पार करून कुठी नेता त्याले? अपशकुन हाये."

दामोदरच्या मायनं पोराकडे पाह्यलं. नदीकडे पाह्यलं. पायदानावरचा पाय खाली घेतला. बस निघून गेली.

जीप आता हालत नोती. नाक्यावरून बैलजोडी आणली अन् जीपले जुतली. "बैलगाडीत मी बसत नाई म्हटलं ना!" म्हणून दामोदरची माय जीपमधीच बसली. पुढं बैल, ष्टेरिंगवर घरवाले, मधात ते राणीसारखी, बाजूले पिवळा नवरदेव, अन् मागं धक्का माराले मी.

दारात सासूबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. मागं गिरजा, तोंडात अर्धा पदर. सासूबाईनं बैल पाह्यले, जीप पाह्यली, दामोदर पाह्यला, अन् त्यायलेच हसू फुटलं! ताट हालून दिवा इझला. मंग गिरजाले कोण अडवते? हसता हसता खालीच बसली.

दामोदर म्हणाला, "माय, हे पोरगी पसंत हाये. आपल्या घरी कोणी हसतच नाई."

त्याची माय गुडघे चोळत म्हणाली, "हळद त झालीच हाये. आता नाई म्हणून काय करू?"

मंग त माही लय कदर झाली घरात! दुसऱ्या साली खांडेनवमीले घरवाल्यायनं सोता, मोठ्या पान्ह्याच्या बाजूले, माही वाकडी सांडशी अन् हळदीचा डबा मांडला. कुंकू लावलं, फूल ठेवलं. "हेबी हत्यारच हाये," म्हणाले. मी अशी फुगली, अशी फुगली, का चुलीवर भाताचा गंज उतू गेला तरी समजलं नाई. धावली. सांडशी पूजेत! पदरानंच गंज उचलला, अन् बोटं पोळली.

"अवं, हळद लाव ना लवकर!" घरवाले वरडले.

मी पूजेकडे पाह्यलं. डब्यापुढं सासूबाई मांडी घालून बसल्या होत्या.