औशाच्या अलीकडचा फाटा

मी प्रवासवर्णनं लिहितो, हे त्या माणसाला सांगितलं आणि पस्तावलो. उमरग्याहून लातूरला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. मांडीवर लेकीसाठी बांधून घेतलेला डबा. त्यानंतर त्याने मला निवांत खिडकीबाहेर बघूच दिलं नाही. सारखं कोपर मारायचा.

"सायेब, सोयाबीन लिवा. ती पाण्याची टाकी लिवा, नवी हाय."

मी झोपेचं सोंग घेतलं, तर खांदा हलवून उठवलं.

औशाच्या अलीकडे एक फाटा आला आणि तो पहिल्यांदाच गप्प झाला. आता माझी पाळी, म्हणून मीच विचारलं, "हे लिहू का?"

"न्हाई. आमचं गाव व्हतं तिकडं. भूकंपात गेलं. त्याचं लई जणांनी लिवलं."

औसा आलं, गेलं. त्याने एकदाही कोपर मारलं नाही. लातूरच्या स्टँडवर उतरल्यावर मात्र त्याने माझी बाही धरली.

"लेक हितं क्लासला हाय. डॉक्टर व्हायचं म्हणती. तिचं लिवा."

"न पाहता मी काही लिहीत नाही हो!" मी वैतागून म्हणालो.

"मग चला की," म्हणत त्याने माझी बॅग उचलली आणि चालायलाच लागला.