कोणाच्या हातची भाकर

हैदराबादहून गुंतवणूकदार येणार होते, त्या सकाळी मी काउंटरवर फडकं मारत होते आणि पुन्हा पुन्हा मारत होते. तेवढ्यात आईचा फोन आला आणि मी तिच्यावरच खेकसले. "काऊन वं, काय झालं?" ती म्हणाली. काहीच झालं नव्हतं. त्यांची गाडी गुडीहत्नूरच्या पुढे आल्याचा मेसेज होता आणि तिथून आमचं आदिलाबाद असं कितीसं लांब! लॅपटॉपची बॅटरी काही केल्या भरत नव्हती आणि मला एका जागी उभं राहवत नव्हतं.

माझा धंदा सांगायला सोपा आहे. एकीकडे घरी रांधणाऱ्या बायका, दुसरीकडे घरच्या चवीला मुकलेली माणसं. मोबाइलवर ऑर्डर द्यायची, बसस्टँडजवळच्या आमच्या गाळ्यात यायचं, पार्सल उचलायचं आणि जायचं. बदलीवर आलेले बँकवाले, जैनथहून रोज ये-जा करणारे क्लार्क, कापूस मार्केटमधले मुनीम अशी आमची गिऱ्हाइकं. भाकर, चून म्हणजे पिठलं, आंबाडीची भाजी, सगळं खपायचं. पण सगळ्यात आधी संपायची ती आईची भाकर आणि बेसनाच्या पातोडीचा रस्सा. ते आईचं आहे, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. ॲपवर पदार्थाचा फोटो असायचा, करणारीचं नाव नसायचं.

ते मी मुद्दाम ठेवलं होतं. आमच्याकडे जेवण आवडलं की माणूस विचारतो, "कोणाच्या हातचं हाय?" नाव सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, आडनाव काय? ते कळलं की त्याला सगळं कळतं. इथल्या तेलुगू पद्धतीत निदान कागदावर तरी सोय आहे. आडनाव एका अक्षरात गुंडाळून नावाच्या आधी लावतात. बाबा शिक्षक होते. त्यांनी शाळेत माझं नाव तसंच लावलं आणि त्या एका अक्षराआड माझं कॉलेज आणि ऑफिसातली कॉम्प्युटर ऑपरेटरची नोकरी निभावून गेली. पण मराठी माणसाशी मराठीत जरा बोललं की तो ते अक्षर सोडवायला बसतोच. आम्ही बौद्ध. गल्लीच्या तोंडाशी निळा झेंडा आहे, त्यामुळे नाव लपवून पत्ता दिला तरी तेच.

म्हणून काउंटर. सगळ्या बायकांचे डबे तिथे यायचे, सगळ्यांवर एकच स्टिकर लागायचा, आणि कोणी विचारलं की मी हसून सांगायचे, "एका काकूंच्या हातचं." यात मला लाज वाटत नव्हती, उलट मी स्वतःला भारी हुशार समजत होते. आमच्या बायकांपैकी एका वकिलाच्या घरच्या काकू सारख्या मागे लागायच्या, "अगं, माझं आडनाव टाक, ऑर्डरी दुप्पट होतील." त्यांचं अगदी खरं होतं. नियम सगळ्यांना सारखा, असं सांगून मी त्यांना वाटेला लावलं होतं.

गुंतवणूकदार दोघं होते. एक बाई, आखूड कापलेले पांढरे केस, तेलुगू बोलणाऱ्या. आणि एक गृहस्थ, ज्यांनी लॅपटॉपमधून मान वर केली नाही. नोकरी सोडून मी यात पडले होते आणि ह्यांचे पैसे आले नाहीत तर गाळा सोडून, धंदा गुंडाळून पुन्हा कोणाच्या तरी ऑफिसात जाऊन बसावं लागणार होतं. मी स्लाइडमागून स्लाइड दाखवत सुटले. माझी तेलुगू घाईत अडखळते, मग मी हिंदीवर येते, मग पुन्हा तेलुगूवर. बाईंनी हात वर केला आणि शांतपणे विचारलं, "हा गाळा कशाला हवा? गिऱ्हाईक थेट त्या घरी जाऊन का उचलत नाही? भाडं वाचेल, अन्न गरम मिळेल."

गल्ल्या अरुंद आहेत, म्हटलं. घरं सापडत नाहीत. बायकांना परके पुरुष दारात नको असतात. एकाच प्रश्नाला मी इतकी उत्तरं दिली की त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "चला, एक घर दाखवा."

रस्ता खोदलाय, हे माझं शेवटचं अस्त्र होतं. तेही चाललं नाही. सगळ्यात जास्त खपणारा माल कुठे होतो, हे त्या गृहस्थांनी मी पाठवलेल्या हिशेबातून लॅपटॉपवर आधीच शोधून ठेवलं होतं. त्यांची पांढरी गाडी आमच्या गल्लीत शिरली तेव्हा मी मागच्या सीटवर नखं खात बसले होते.

आई भाकरी थापत होती. उठली नाही, पीठ लागलेल्या हातानंच तिनं बसायची खूण केली आणि तव्यावरची भाकर दोघांपुढे ठेवली. बाईंनी तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, खाल्ला, अजून मागितला. माझा जीव जरा भांड्यात पडला. तेवढ्यात त्यांनी तोच प्रश्न आईला विचारला. गिऱ्हाईक इथे का येत नाही?

आई आयुष्यभर तेलुगू शेजाऱ्यांत राहिली, तिची तेलुगू माझ्याहून साफ आहे. ती म्हणाली, "माझ्या मुलीला भीती वाटते. आमचं घर पाहिलं तर लोक जेवायचे थांबतील, असं तिला वाटतं."

एवढं बोलून तिनं पुढचा गोळा परातीत घेतला. माझे कान तापले. जे मी कुठल्याच स्लाइडमध्ये येऊ दिलं नव्हतं, ते तिनं एका दमात सांगून टाकलं होतं, तेही परक्यासमोर.

बाईंनी हातातला घास संपवला. मग मला म्हणाल्या, "हे कधी ना कधी कळणारच. लोकांना कळू नये, यावर उभ्या असलेल्या धंद्यात मी पैसे घालत नाही. महिनाभर काउंटर बंद ठेवा, नावं आणि पत्ते टाका. मग बोलू." हात धुतले, आईचे आभार मानले आणि निघाल्या. त्यांचं काय जातंय, असं मला वाटलं. संध्याकाळपर्यंत त्या हैदराबादला पोचणार होत्या. इथे कोपऱ्यावरच्या नजरा झेलायला मी राहणार होते.

गाडी वळताच मी आईवर तुटून पडले. "तुले कोनं सांगतलं होतं बोलाले?"

"तिनं इचारलं, मी सांगतलं," आई म्हणाली. "भाकर माह्या हातची, अन् तू लोकाइले सांगतं एका काकूच्या हातची. कोन वं हे काकू? मले बी भेटव एक दिवस."

मला हसू आलं नाही, रडू आलं. ती मात्र खरंच चिडली होती, आणि हे इतके महिने माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्या रागातच मी फोन काढला आणि सगळ्या बायकांची नावं, आडनावं, पत्ते टाकून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी वकिलाच्या घरच्या काकूंना ऑर्डरी आवरेनात. आईच्या भाकरीपुढे एकही नाही. मी घरात येरझाऱ्या घालत होते, ॲप उघडत होते, बंद करत होते, नेटवर्कला शिव्या देत होते. आई म्हणाली, "बस वं एका जागी, चक्कर येऊन राह्यली मले पाहून." तिनं मात्र चूल वेळेवर पेटवली होती आणि रोजच्याइतकंच पीठ भिजवलं होतं. पीठ पाहून मला तिचाही राग आला, आणि मग स्वतःचाच.

दुपारी एक ऑर्डर आली. पातोडी, भाकर. काउंटरवर रोज येणारे एक शाळामास्तर. डबा भरून झाला आणि त्यांचा फोन आला. "मॅडम, मी झेंड्यापाशी उभा हाय. जरा इथंच आणून देता का?"

मी डबा उचलला. नेऊन दिला असता, धावत नेऊन दिला असता. आईनं पिठाच्या हातानं माझं मनगट पकडलं, दुसऱ्या हातानं फोन ओढून घेतला आणि म्हणाली, "गुरुजी, घर जवळच हाय. या ना. मीच करते भाकर, मी इथंच बसली हाय."

 फोन तिनं कानाशी तसाच धरून ठेवला. कोपऱ्यावर मोटरसायकलचं इंजिन चालू होतं, ते मला घरात ऐकू येत होतं. जाईल, आता गिअर टाकून जाईल, असं मी मनात म्हणत होते. हात सोडवायला बघत होते. आई सोडेना. तिचीही नजर दाराकडेच होती.

मग इंजिन बंद झालं. गल्लीत चपलांचा आवाज यायला लागला, आणि आईनं माझं मनगट सोडून डोक्यावरचा पदर नीट केला.