दाजींची धुळ्यातली चौकशी

इकडे सरक जरा, अशी जवळ बस. शेअरबाजाराचं एवढं वाचतेस, दिवसभर आकडे बघतेस, आणि आपल्याच घरात त्या विषयाचा केवढा मोठा अभ्यासक बसलाय हे कधी विचारलंस का? शोभतं का तुला? आता ऐक. आमच्या अक्काचे यजमान, म्हणजे माझे दाजी, यांच्याइतका औषध कंपन्यांचा अभ्यास अख्ख्या खानदेशात कुणी केला नसेल, आणि त्यांच्याइतके कमी शेअरही कुणी घेतले नसतील.

दाजी जळगावला कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहायचे. नव्वदच्या पुढची ती वर्षं. ज्याला त्याला शेअरचं वेड लागलेलं. लोक सिमेंट घेत, पोलाद घेत, शेजाऱ्याने घेतलं म्हणून घेत. दाजींचं लक्ष फक्त औषधांवर. म्हणायचे, “नवी गोळी दिल्लीत मंजूर होणार की नाही, हे ज्याला आधी कळलं तो जिंकला.” मग ते आधी कळावं म्हणून काय काय चालायचं! कुणी आजारी पडलं की दाजी भेटायला सर्वांत पुढे. पण आधी उशाशी ठेवलेलं गोळ्यांचं पाकीट उलटं करून कंपनी बघायचे, मग आजाऱ्याचं तोंड. पाचोऱ्याला एका लग्नात नवरदेवाचे काका चक्कर येऊन पडले. सगळे पाणी आणायला धावले, दाजींनी त्यांच्या खिशातली गोळ्यांची बाटली काढून चष्मा लावला. औषध कंपन्यांची बॅगवाली पोरं एसटी स्टँडवर दिसली की दाजी त्यांना ओढून न्यायचे, झणझणीत शेवभाजी खायला घालायचे आणि पोरांच्या डोळ्यांत पाणी आलं की नव्या औषधाचं हळूच विचारायचे. स्वतःला मात्र सर्दी झाली तर ओव्याची धुरी. आणि दलाल म्हणाला, “दाजी, आता तरी घ्या,” की उत्तर ठरलेलं: “अजून एक चौकशी बाकी आहे.” ती होईपर्यंत भाव वर जायचा, दाजी “मी म्हटलंच होतं” म्हणत समाधानाने झोपायचे.

मी तेव्हा धुळ्यात राहायची. तिथल्या एका दवाखान्यात दम्याच्या नव्या गोळीची चाचणी सुरू झाली. कंपनी गुजरातेतली, लहानशी. दाजींना सुगावा लागला आणि दर मंगळवारी जिनिंगला दांडी मारून ते धुळ्याला यायला लागले, हातात केळीची फणी. बाहेरच्या बाकावर आजाऱ्यांच्या मधोमध बसायचं, एकेकाला केळं सोलून द्यायचं आणि विचारायचं. एकदा मीही सोबत गेले. शिरपूरकडचा एक म्हातारा, छातीचा भाता नुसता चाललेला. दाजींनी विचारलं, “काय आबा, दम कसा शे?” आबा केळं चघळत म्हणाले, “बरं शे भाऊ. तुम्ही इतलं लांबतीन येतस, मंग बरंच वाटस.” शेजारची बाई म्हणाली, “माले बी आते काही तरास नही.” आणि एवढं म्हणून खोकत खोकत खांबाला टेकली. दाजी माझ्याकडे वळून म्हणाले, “बघितलंस बाई? एकही तक्रार नाही!”

आयुष्यात पहिल्यांदा त्यांची चौकशी पुरी झाली होती. पण घ्यायचं कशाने? जळगावच्या वेशीजवळ अक्काचा प्लॉट होता. वर्षानुवर्षं लोकांचे उडदाचे पापड लाटून घेतलेला, तिच्या नावावरचा. भाड्याच्या दोन खोल्यांतून एकदाचं बाहेर पडायचं, एवढी एकच गोष्ट तिने मागितली होती. दाजींनी प्लॉट विकायचं काढलं तेव्हा ती शेंगा फोडत होती. म्हणाली, “अहो, पाहुण्याला ताटावर बसवून भाजी कशी झाली विचारलं तर तो काय सांगणार? तुमच्या हातचं केळं खाऊन तुमच्या तोंडावर कोण वाईट बोलेल?”

“अगं, ही शास्त्रातली गोष्ट आहे. तुला नाही कळायची.”

अक्का हात पुसून म्हणाली, “सही कुठे करायची ते दाखवा.” मी नंतर तिला चांगलंच झापलं. तर म्हणते, “जन्मभर चौकशाच करत आला हा माणूस. एकदा तरी घेऊ दे.”

दिल्लीने मंजुरी नाकारली. गोळीने फरक पडत नाही, म्हणाले. शेअर इतका पडला की फुकट द्यायचा म्हटला तरी कुणी घेईना. दाजी तडक धुळ्याला येऊन डॉक्टरांसमोर उभे राहिले. डॉक्टर बिचारे शांतपणे म्हणाले, “निम्म्या लोकांना आम्ही औषध देत होतो, निम्म्यांना नुसती दिसायला तशी गोळी.” दोन्ही निम्म्यांनी दाजींना एकच सांगितलं होतं ना! त्या दिवशी माझ्याकडे ते जेवले नाहीत. ओसरीवर बसून एवढंच म्हणाले, “बाई, माणसं खोटं नव्हती बोलत. माझं मन राखत होती.” जळगावला गेल्यावर अक्कापाशी काय बोलले, ते दोघांपैकी कुणी मला आजवर सांगितलेलं नाही.

भांडण मात्र झालं नाही. दाजींनी औषधांचा नाद सोडला. आता कुणाच्या आजारपणात गेले तर उशाशी हात जोडून बसतात, पाकिटाकडे बघतही नाहीत, आणि मला ते बघवत नाही. त्याच दोन खोल्यांत दोघं म्हातारी झाली. प्लॉटवर दुसऱ्या कुणाचं तरी दुमजली घर उभं राहिलंय. संध्याकाळी दोघं त्या बाजूला फिरायला जातात. ते घर आलं की दाजी खाली बघत रस्ता ओलांडून पलीकडे जातात. अक्का मात्र थांबते, नीट बघते. मागे मी सोबत होते तेव्हा म्हणाली, “स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला काढलीय यांनी. बाई दुपारची भाजून निघत असेल.” आणि दाजींना ऐकू जाईल अशा बेताने पुढे म्हणाली, “चला हो, उशीर होतोय घरी जायला.”

हल्ली तिचे गुडघे फार दुखतात, त्यामुळे फिरणंही कमी झालंय. तू चल ना माझ्याबरोबर जळगावला. संध्याकाळी तिचा हात धरायला कुणीतरी हवं.